बँक शहराची, कर्जदार कोण?

महापालिकेने पाणी द्यावे, दिवे लावावेत, सांडपाणी वाहून न्यावे, याला कोणाचा आक्षेप नसतो. महापालिकेने लोकांच्या ठेवी घ्याव्यात म्हटले की मात्र लगेच दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे, शहरातल्यांचा पैसा शहराच्याच कामी येईल, मधल्या नफेखोरांचे काय काम? दुसऱ्याचे म्हणणे, निवडणुकीवर डोळा असणाऱ्यांच्या हाती तिजोरी दिली की ती रिकामी व्हायचीच. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराने १९१६ ते १९७६ अशी साठ वर्षे स्वतःची बचत बँक चालवून दाखवली. तिचा इतिहास या दोन्ही तटांना अर्धाच सोयीचा आहे. बँक चालली, वाढली, बुडाली नाही. पण मालक महापालिका होती एवढ्याने ती तरली, असे म्हणायला आधार नाही. तिच्याभोवती वरून घातलेली कुंपणे होती, त्यांतली काही तर तिला मारण्यासाठीच घातलेली होती, आणि तीच तिच्या उपयोगी पडली. शहराने बँक काढावी, पण त्या बँकेचा सगळ्यात मोठा कर्जदार शहरच असू नये, हा या इतिहासातून निघणारा व्यवहाराचा धडा आहे, आणि तो आजही लागू पडतो.

बर्मिंगहॅमला नागरी उद्योगांची सवय जुनी. जोसेफ चेंबरलेन १८७३ ते १८७६ या काळात महापौर होते. त्यांच्या कारकिर्दीत शहराने तिथल्या दोन खासगी गॅस कंपन्या सुमारे वीस लाख पौंडांना विकत घेतल्या, पाठोपाठ पाणीपुरवठाही ताब्यात घेतला. गॅसच्या धंद्याला नफा होई आणि त्यातून शहरात कलासंग्रहालयासारखी कामेही झाली. त्यांचे चिरंजीव नेव्हिल चेंबरलेन नोव्हेंबर १९१५ मध्ये लॉर्ड मेयर, म्हणजे शहराचे महापौर, झाले. जगाला ते आठवतात पुढे पंतप्रधान असताना हिटलरशी केलेल्या म्युनिक करारामुळे, पण स्थानिक कारभारातली त्यांची कामगिरी त्याहून बरीच बरी होती. पहिले महायुद्ध पेटलेले, शहरातले कारखाने दारूगोळ्याच्या कामाला जुंपलेले, कामगारांच्या हाती जादा कामाचे पैसे येत होते. सरकारला युद्धकर्ज हवे होते, पण युद्धाचे रोखे घेण्याची सवय पगारदार कामगाराला नव्हती. पोस्टाची बचत बँक त्याला माहीत होती, मात्र तिचा व्याजदर १८६१ साली ती सुरू झाल्यापासून अडीच टक्क्यांवर खिळलेला. चेंबरलेन यांची कल्पना अशी की शहराने स्वतःच्या हमीवर ठेवी घ्याव्यात, साडेतीन टक्के व्याज द्यावे आणि तो पैसा युद्धकर्जात घालावा.

विरोध सगळीकडून झाला. खासगी बँकांना ठेवी पळतील अशी भीती होती. अर्थखात्याला वाटे, एका शहराला परवानगी दिली की रांग लागेल. कामगार संघटनांचा आक्षेप वेगळा आणि जास्त चाणाक्ष होता: मालकामार्फत पगारातून कपात होणार असेल, तर कामगार किती शिल्लक टाकतो हे मालकाला कळणार, आणि पुढच्या वेळी पगारवाढ मागितली की तोच आकडा तोंडावर फेकला जाणार. अखेर १९१६ च्या ऑगस्टमध्ये जो कायदा झाला, तो परवानगी कमी आणि अडसर जास्त अशा थाटाचा होता. अडीच लाखांहून अधिक वस्तीच्या नगरांनाच मुभा. ठेवीदार फक्त नोकरदार. ठेव पगारातून, मालकामार्फत. आणि युद्ध संपले की बँकेने गाशा गुंडाळायचा. इतक्या अटींत कोणी बँक काढणार नाही असाच बहुधा हिशेब असावा. बर्मिंगहॅम सोडून कोणी काढलीही नाही. तिथे सप्टेंबर १९१६ मध्ये बर्मिंगहॅम कॉर्पोरेशन सेव्हिंग्ज बँक उघडली. कारखान्यात पगारातून कपात होई, बदल्यात कुपने मिळत, ती साठली की रक्कम खात्यावर चढे.

या अटींपैकी पगारकपातीची अट बचत बँकेच्या धंद्यातल्या सगळ्यात अवघड प्रश्नावर अनायासे तोडगा ठरली, ते समजायला थोडे गणित करावे लागते. लहान ठेव ही बँकेला महाग पडते. खात्यात दहा पौंड आहेत आणि बँकेला मिळणारे व्याज व ठेवीदाराला द्यायचे व्याज यांत एका टक्क्याचे अंतर आहे असे धरा. त्या खात्यावर वर्षाला बँकेच्या हाती राहतात दोन शिलिंग (तेव्हा वीस शिलिंगांचा एक पौंड होई), म्हणजे जुन्या नाण्यांत चोवीस पेन्स. खिडकीवरच्या एका नोंदीला, म्हणजे पैसे मोजणे, पासबुकात चढवणे, खतावणीत चढवणे आणि संध्याकाळी ताळा जुळवणे या सगळ्याला, कारकुनाच्या वेळेचे तीन पेन्स पडतात असे मानू. वर्षात आठ वेळा माणूस खिडकीवर आला की त्या खात्याची कमाई संपली. नवव्या वेळेपासून बँक पदरमोड करते. दर आठवड्याला एक शिलिंग घेऊन येणारा काटकसरी कामगार नीतीच्या दृष्टीने आदर्श असेल, हिशेबाच्या दृष्टीने तो तोट्याचे खाते आहे. कारखान्यातून शेकडो कामगारांची रक्कम एका यादीने, एकाच भरण्यात आली की तीच नोंद स्वस्त होते. पुढे बँक सर्वांना खुली झाल्यावर घरी न्यायच्या पेट्या आल्या. लहानशी धातूची पेटी, किल्ली बँकेकडे. नाणी घरी साठायची, पेटी भरली की शाखेत येऊन उघडायची. मुलांना बचतीची गोडी लागावी म्हणून ही युक्ती, असे तिचे कौतुक होते. तिचा दुसरा फायदा क्वचितच सांगितला जातो: वीस खेपांची एक खेप होते.

आज शहर-बँकेची योजना मांडणारे ‘लहान माणसाला सेवा’ हे शब्द सढळ वापरतात आणि खर्चाचे हे पान कोरे सोडतात. संगणकाने नोंदीचा खर्च खाली आणला हे खरे. पण ओळख पटवणे, फसवणुकीच्या तक्रारी निस्तरणे, यंत्रणा सुरक्षित ठेवणे हे खर्च खात्यातल्या रकमेकडे बघून कमी होत नाहीत.

युद्ध संपले तरी बँक बंद झाली नाही. चेंबरलेन १९१८ च्या डिसेंबरात खासदार झाले होते. १९१९ साली बर्मिंगहॅमच्या स्वतंत्र कायद्यात बँकेला कायमचे स्थान मिळाले, आणि १ सप्टेंबर १९१९ पासून बर्मिंगहॅम म्युनिसिपल बँक या नावाने ती सुरू झाली. आता नोकरदाराची अट गेली, कोणीही खाते काढू शकत होते. वस्त्यावस्त्यांत शाखा निघाल्या. ठेवीदारांना घर घेण्यासाठी कर्ज देण्याचा अधिकार मिळाला, आणि हे गृहकर्ज खाते हा बँकेचा मोठा आधार झाला. महापालिकेने बांधलेली घरे भाडेकरूंना विकत घेता आली, त्यातही या खात्याचा हात होता. ठेवींना शहराच्या करउत्पन्नाची हमी होती: बँकेला पैसे परत करता आले नाहीत तर मालमत्ता करातून भरपाई.

या हमीचे मोल कळायला सत्तर वर्षे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकातल्या विश्वस्त बचत बँका गावातल्या प्रतिष्ठितांच्या देखरेखीखाली चालत आणि ठेवींचा पैसा राष्ट्रीय कर्जाच्या आयुक्तांकडे भरत. लोकांना वाटे, सरकारची हमी आहे. ती होती, पण आयुक्तांकडे पैसा पोहोचल्यानंतर. खिडकी ते लंडन या वाटेवर जे काही होईल त्याची जबाबदारी सरकारवर नव्हती. १८४९ साली रॉचडेलच्या बचत बँकेचा कारभारी जॉर्ज हॉवर्थ वारला आणि सत्तर हजार पौंडांहून मोठी अफरातफर उघडी पडली. पद्धत साधी होती. ठेवीदाराच्या पासबुकात रक्कम चढे, बँकेच्या खतावणीत चढत नसे. पासबुक ठेवीदाराच्या घरी, खतावणी कारभाऱ्याकडे. दोन्ही वह्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. पुढे पोस्टाची बचत बँक निघाली तेव्हा खिडकीवर पैसे टाकले त्या क्षणापासून सरकारची हमी हे तिचे खरे आकर्षण होते, व्याजदर नव्हे. बर्मिंगहॅमने तीच हमी शहराच्या नावाने दिली आणि वर एक टक्का व्याज जास्त दिले. म्हणूनच अशा बँकेत पासबुके मागवून खतावणीशी पडताळणे, आणि पैसे घेणारा व खतावणी लिहिणारा माणूस वेगळा ठेवणे, ही कामे ध्येयधोरणांपेक्षा महत्त्वाची असतात.

आता मूळ प्रश्न. ठेवींचा पैसा जातो कुठे? युद्धकाळात उत्तर सोपे होते, युद्धकर्जात. १९१९ नंतर तीन वाटा खुल्या होत्या: सरकारी रोखे, घरांवरची कर्जे, आणि खुद्द महापालिकेला दिलेले कर्ज. तिसरी वाट दिसायला सगळ्यात चांगली. महापालिकेला गटारे, शाळा, ट्राम यांसाठी कर्ज लागतेच. ते बाजारात रोखे काढून उभारायचे तर दलाली, छपाई, हमीदारांचा मोबदला. स्वतःच्या बँकेतून घेतले तर हा खर्च वाचतो, व्याजही शहरातच राहते. नागरी बँकेच्या बाजूने होणाऱ्या भाषणांत हाच मुद्दा सगळ्यात जास्त टाळ्या घेतो, आणि धोकाही नेमका इथेच आहे.

शंभर पौंडांच्या ठेवी धरून एक कल्पित ताळेबंद मांडू. ठेवीदारांना साडेतीन टक्के द्यायचे आहेत. चाळीस पौंड महापालिकेला तीस वर्षांसाठी साडेचार टक्क्यांनी दिले. चाळीस पौंड परतफेडीची तारीख नसलेल्या चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत. वीस पौंड कधीही काढता येतील असे, तीन टक्क्यांनी. वर्षाचे उत्पन्न चार पौंड, व्याजाचा खर्च साडेतीन, पगार-भाड्याला अर्धा पौंड. गाडी चालते. आता बाजारातले व्याजदर दोन टक्क्यांनी चढले. ठेवीदार टिकवायचे तर त्यांना साडेपाच टक्के द्यावे लागतील. महापालिका मात्र करारानुसार साडेचारच देणार, रोख्यांवर चारच येणार, फक्त वीस पौंडांवरचे उत्पन्न वाढणार. एकूण उत्पन्न चार पौंड आठ शिलिंग, व्याज साडेपाच पौंड. पगार द्यायच्या आधीच शंभरामागे एक पौंड दोन शिलिंगांचा खड्डा.

व्याज वाढवले नाही तर ठेवीदार निघतात. पहिले वीस पौंड हाताशी आहेत. त्यानंतर दहा पौंड मागणारा आला की रोखे विकावे लागतात. सहा टक्क्यांच्या बाजारात चार टक्क्यांचा बेमुदत रोखा शंभराला सदुसष्टच्या आसपास जातो, म्हणजे दहा पौंड उभे करायला पंधरा पौंडांचे रोखे काढावे लागतात. आणि महापालिकेकडचे चाळीस पौंड? ते गटारात आहेत, शब्दशः. परत मागून मिळणार नाहीत, विकायला बाजार नाही. इथे कोणी चोरी केलेली नाही, कोणाचे कर्ज बुडालेले नाही, सगळे हप्ते वेळेवर येत आहेत. तरी बँक अडचणीत आहे. मागता क्षणी परत करायचा पैसा दीर्घ मुदतीला गुंतवला, एवढेच तिचे पाप.

इतर नगरे बर्मिंगहॅमसारखी सवलत मागू लागली तेव्हा अर्थखात्याने लॉर्ड ब्रॅडबरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. युद्धकाळात इंग्लंडच्या एक पौंडाच्या व दहा शिलिंगच्या नोटांवर ज्यांची सही असे, आणि ज्यांच्या नावावरून लोक त्या नोटांनाच ‘ब्रॅडबरी’ म्हणत, तेच हे. समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. थोडक्या मुदतीच्या ठेवी आणि लांब मुदतीची कर्जे यांच्या या विसंगतीवर तिने नेमके बोट ठेवले आणि बर्मिंगहॅमची परिस्थिती खास मानून आणखी नागरी बँका काढू देऊ नयेत अशी शिफारस केली. निदान अचूक होते. औषध मात्र रोग्याला दाराबाहेर ठेवण्याचे होते. महापालिकेला किती कर्ज द्यायचे याची कमाल मर्यादा, रोख किती ठेवायची याचे किमान प्रमाण, आणि कर्जाची मुदत ठेवीच्या मुदतीशी जोडणे, एवढ्या तीन नियमांनी हा धोका आटोक्यात येतो. समितीने दार बंद केले. खासगी बँकांना आणि गृहकर्ज संस्थांना तो अहवाल आवडला यात नवल नाही.

स्कॉटलंडमध्ये लोकांनी दाराऐवजी खिडकीतून प्रवेश केला. किर्किंटिलॉक या लहान गावात टॉम जॉन्स्टन यांच्या पुढाकाराने, जे पुढे स्कॉटलंडचे मंत्री झाले, १९२० मध्ये नागरी बँक निघाली. संसदेकडे न जाता साध्या कंपनी कायद्याखाली मर्यादित कंपनी काढायची, भागधारक नगरसेवक, आणि ठेवींचा पैसा गावाच्या कारभाराला कर्जाऊ. इतर काही स्कॉटिश गावांनी हीच तऱ्हा उचलली. लहान गाव, एकमेकांना ओळखणारी माणसे, जपून केलेला कारभार, यामुळे ते निभावले. रचना म्हणून ही बर्मिंगहॅमपेक्षा जास्त उघडी होती. एकच कर्जदार असलेल्या बँकेला बँक तरी का म्हणावे? ते गावाचे कर्जखाते, फक्त त्याला खिडकी लावलेली.

हा धोका कागदावरचा नव्हता, हे जर्मनीत दिसले. तिथे नगराच्या हमीची बचत बँक ग्योटिंगेन शहरात १८०१ मध्येच निघाली होती, आणि शंभर वर्षांत अशा बँकांचे जाळे देशभर झाले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नगरांनी भरमसाट कर्जे काढली आणि हाताशी असलेली बचत बँक हा सोपा स्रोत ठरला. १९३१ च्या उन्हाळ्यात ठेवी काढून घेण्यासाठी बँकांवर लोकांची झुंबड उडाली. नगरांचे करउत्पन्न मंदीने आटलेले, बेकारांना मदत देण्याचा बोजा वाढलेला, कर्जाचे हप्ते थकलेले, आणि ठेवीदार दारात. ठेवींना हमी कोणाची? त्याच नगरांची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या वर्षीच्या आणीबाणीच्या वटहुकमांनी दोन गोष्टी केल्या. बचत बँकांनी नगरांना आणखी कर्ज देण्यावर बंदी आली, आणि या बँका नगराच्या खात्यांपासून तोडून स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्वाच्या सार्वजनिक संस्था झाल्या. आज जर्मनीत टिकून असलेल्या तीनशेहून अधिक बचत बँकांच्या मुळाशी हा घटस्फोट आहे. त्यांचे गोडवे गाताना तो अध्याय गाळला जातो.

हमीचे दुसरे टोकही जर्मनीनेच दाखवले. सार्वजनिक मालकाने बँकेच्या देण्याची हमी घेणे ही खासगी बँकांवर अन्यायी मात आहे, असा वाद युरोपीय आयोगाकडे गेला. २००१ मध्ये तडजोड ठरली आणि जुलै २००५ पासून नव्या देण्यांना ही हमी उरली नाही. मधल्या चार वर्षांत प्रांतिक पातळीवरच्या मोठ्या सार्वजनिक बँकांनी हमी आहे तोवर स्वस्त पैसा भरभरून उचलला. तेवढ्या पैशाला आपल्या मुलखात गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्यातला बराच अमेरिकी गृहकर्जांवर बेतलेल्या गुंतागुंतीच्या रोख्यांत गेला. सॅक्सनीची प्रांतिक बँक २००७ मध्ये कोलमडली, वेस्ट एलबी ही मोठी बँक २०१२ मध्ये मोडीत निघाली. खालच्या पातळीवरच्या बचत बँका मात्र बहुतांशी उभ्या राहिल्या. त्यांना आपल्या जिल्ह्याबाहेर धंदा करण्याची मुभा नव्हती. सार्वजनिक मालकी दोन्हीकडे सारखीच होती, फरक कुंपणाचा होता.

बर्मिंगहॅमकडे परत येऊ. ५ सप्टेंबर २०२३ रोजी बर्मिंगहॅमच्या महापालिकेने कलम ११४ ची नोटीस काढली. कायद्याने बंधनकारक नसलेला नवा खर्च थांबवल्याची ही घोषणा, व्यवहारात दिवाळखोरीची कबुली. स्त्री कर्मचाऱ्यांना समान वेतन न दिल्याचे दावे ७६ कोटी पौंडांपर्यंत जातील असा महापालिकेचा अंदाज होता, आणि नव्या हिशेबप्रणालीचा घोळ वेगळा. त्या दिवशी शहराच्या हमीवर चालणारी बचत बँक अस्तित्वात असती तर दुसऱ्या सकाळी शाखांसमोर रांगा दिसल्या असत्या, बँकेचा स्वतःचा कारभार कितीही चोख असला तरी. १९१९ मध्ये शहराची हमी हे बँकेचे सगळ्यात मोठे भांडवल होते, कारण त्या वेळी देशव्यापी ठेवविमा नव्हता. आज तो आहे. त्यामुळे नव्या नागरी बँकेने शहराच्या हमीवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. शहराने एकदाच भांडवल घालावे, ते बुडू शकते हे मान्य करून घालावे, आणि ठेवींची सुरक्षा राष्ट्रीय विम्यावर सोडावी. विमा घेतला की त्याबरोबर देशाच्या नियामकाची तपासणी येते. ती नगरसेवकांच्या समितीपेक्षा कठोर असते, आणि तिची खरी गरज तिथेच आहे.

मग बँकेने महापालिकेला कर्ज द्यायचेच नाही का? पूर्ण बंदी हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. राजकीयदृष्ट्या तो पचत नसेल तर कर्जाला एकूण ठेवींच्या दहा टक्क्यांसारखी कमाल मर्यादा संस्थापक कायद्यातच घालावी, सभागृहाच्या ठरावाने बदलता येईल अशा नियमावलीत नको. पाच वर्षांचे कर्ज हवे तर तेवढ्याच रकमेच्या पाच वर्षांच्या मुदत ठेवी बँकेकडे असल्या पाहिजेत. बचत खात्यातला पैसा त्याला लावायचा नाही. व्याजदर बाजारात त्याच दर्जाच्या कर्जदाराला पडेल तोच. शहराला स्वस्तात दिले तर ती सवलत ठेवीदाराच्या खिशातून जाते, आणि ठेवीदार बहुधा शहरातल्या कर भरणाऱ्या बंगलेवाल्यांपेक्षा गरीब असतो. हा मुद्दा समर्थकांना बोचतो. स्वस्त सार्वजनिक पैसा नावाची वस्तू नसते, तिची किंमत कोणी तरी मोजतच असतो.

कर्जमंजुरीच्या समितीत नगरसेवक नसावेत, हे सांगायलाही नको. पण तेवढ्याने भागत नाही. महापालिकेचा लेखाधिकारी बँकेच्या संचालक मंडळावर असला की वर्षअखेरीला महापालिकेच्या खात्यातली तूट बँकेच्या अल्पमुदत कर्जाने झाकण्याचा मोह होतो, आणि १ एप्रिलला ते कर्ज परत फिरवले जाते. वार्षिक ताळेबंदात काहीच दिसत नाही. त्यामुळे बँकेने महापालिकेकडे असलेली येणी वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्याच्या सरासरीने आणि महिन्यातल्या कमाल आकड्याने जाहीर करावीत.

बँकेने कोणता धंदा करावा याबाबत जुना अनुभव स्पष्ट आहे. बचत खाती, मुदत ठेवी, शहरातल्या घरांवर तारण कर्ज, आणि फार तर लहान दुकानदाराला खेळते भांडवल. गृहकर्ज हे बर्मिंगहॅमला मानवले, कारण तारण डोळ्यांसमोर, कर्जदार आपल्याच शाखेचा जुना ठेवीदार, त्याने किती वर्षे किती नियमाने पैसे टाकले ते पासबुकावर लिहिलेले. मुदतीची विसंगती तिथेही आहेच. पण घराच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला मुद्दल घेऊन येतो, तीस वर्षांनी एकरकमी फिटणाऱ्या नागरी कर्जासारखा शेवटपर्यंत अडकून राहत नाही, आणि व्याजदर बदलता ठेवण्याची सोय करारात करता येते. शहरातल्या सगळ्या घरांच्या किमती एकदम पडल्या तर काय, हा धोका मात्र खरा आहे. एका शहराच्या बँकेला दुसऱ्या शहराच्या सुबत्तेचा टेकू नसतो. जर्मन बचत बँकांनी त्यावर परस्परांना सावरणारा सामायिक निधी उभारला. एकट्यादुकट्या नागरी बँकेला तो मिळत नाही, म्हणून तिने गंगाजळी जास्त ठेवायला हवी आणि पहिली दहा-पंधरा वर्षे नफ्यातला एक पैसाही शहराला देऊ नये.

शेवट बर्मिंगहॅमच्या बँकेच्या शेवटाने सूचित झालेल्या एका कलमाचा, कारण आजच्या कोणत्याच योजनेत ते सापडत नाही. सत्तरच्या दशकात व्याजदर इंग्लंडच्या इतिहासात न पाहिलेल्या उंचीला गेले. ऑक्टोबर १९७६ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा किमान कर्जदर पंधरा टक्के होता. विश्वस्त बचत बँकांची फेररचना चालू होती. १९७६ मध्येच बर्मिंगहॅमची नागरी बँक त्या व्यवस्थेत सामील झाली आणि महापालिकेपासून वेगळी पडली. पुढे या सगळ्या बँकांची मिळून टीएसबी (ट्रस्टी सेव्हिंग्ज बँक) ही कंपनी झाली आणि १९८६ मध्ये तिचे भाग बाजारात आले. तेव्हा प्रश्न उठला, पिढ्यान्‌पिढ्या साठलेली गंगाजळी कोणाची? काही ठेवीदार न्यायालयात गेले. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल दिला की ठेवीदाराचा हक्क ठेव आणि व्याज एवढाच. शिल्लक मालमत्तेवर त्याचा दावा नाही. भागविक्रीतून आलेले एक अब्ज पौंडांहून अधिक कंपनीच्याच तिजोरीत गेले. १९९५ मध्ये टीएसबी लॉइड्स बँकेत विलीन झाली. तिथे पोहोचेपर्यंत गंगाजळीच्या बर्मिंगहॅममधून आलेल्या भागाला त्या शहराशी जोडणारा धागा उरला नव्हता.

म्हणून बँक काढतानाच्या कायद्यात लिहून ठेवावे: बँक विलीन झाली, विकली गेली किंवा बंद पडली तर देणी भागवून उरणारी गंगाजळी कोणाकडे, कोणत्या कामासाठी, कोणाच्या देखरेखीखाली जाईल. महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत ती जाता कामा नये, नाही तर अडचणीतली प्रत्येक महापालिका बँक विकायला निघेल. ती शहरापुरत्या वेगळ्या न्यासाकडे जावी आणि त्या न्यासाला मुद्दल खर्चण्याची मनाई असावी. विक्रीचा निर्णय सभागृहाच्या साध्या बहुमताने होऊ नये. ठेवीदारांचे मतदानही त्याला लागावे, एका खात्याला एक मत, रकमेच्या प्रमाणात नव्हे.